दोरीचं दुसरं टोक

॥ श्री वीतरागाय नमः ॥

कडेगाव, मळ्यातली वस्ती
दि. १२ सप्टेंबर २०२५

चि. सम्मेद यास राजमतीअक्काचे अ. उ. आ.

वि. वि. इकडं सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पण बरं काही नाही. आपल्या उसात बिबट्या शिरलाय. शेजारच्या वीरधवलच्या गोठ्यापुढचा कुत्रा त्यानं उचलला. सकाळी ह्यांनी मला सरीतल्या चिखलात उमटलेले पंजे नेऊन दाखवले. दाखवायची काय गरज होती, सांग? तेव्हापासून परसात जायचं म्हटलं तरी मी आधी ताट बडवते. पोरं हसतात. हसू देत.

पंपाची लाईट रात्रीचीच येते, त्यामुळं हे बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातात आणि मी दारात उभी राहून खोकत बसते. माणूस जागं आहे हे त्या जनावराला कळावं म्हणून. हे म्हणतात, नुसत्या खोकल्यानं बिबट्या पळाला असता तर वनखात्याची गरजच पडली नसती. मला त्यांच्या चेष्टेचा लय राग येतो.

तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही. मोबाईलवर दोन ओळी टाकाव्यात, तर त्या पोरं वाचतात आणि सासूबाईंना वाचून दाखवतात. म्हणून भ्यायल्यावर मी पत्रच लिहिते. सात वर्षांचा असताना तापात तुझे कान गेले, तेव्हापासून तुझ्यासाठी लिहितेच आहे. आधी पाटीवर, आता कागदावर.

आणि तुझं ते सहा पंखांचं भूत कुठवर आलं? गेल्या वेळी त्याच्या पात्यानं तुझा दंड चिरला, टाके पडले, आणि मला कधी कळलं? टाके काढल्यावर! कॅमेरा उचलायला बाजारात तयार ड्रोन मिळत नाहीत का रे? उगीच जिवाला घोर.

पत्राला उत्तर आलं की मी निवांत जेवेन.

तुझी,
अक्का

❖

सातारा
दि. २२ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास सम्मेदचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आधी दाजींची कीव आली. बिबट्या एकीकडं आणि तुझा खोकला एकीकडं.

तयार ड्रोन मिळतात, अक्का, पण ह्या गिऱ्हाइकाला रानातली जनावरं टिपायची आहेत. एक मोठा कॅमेरा आणि त्याच्या जोडीला ऊब पाहणारा दुसरा. पाल्याआड जनावर असलं की त्याच्या अंगाची ऊब पडद्यावर पांढरी दिसते. दोन्ही कॅमेरे एकदम उचलायचे आणि हवेत हलूही द्यायचे नाहीत, म्हणून हे घरचं यंत्र. सहा दांडे, सहा मोटरी. एक बंद पडली तरी बाकीच्या पाच त्याला सांभाळून खाली आणतील असा हिशेब आहे. निदान कागदावर तरी.

रविवारी खंडाळ्याच्या माळावर नेलं होतं. पहिल्यांदा उडवताना यंत्राला दोरी बांधतात आणि दोरीचं टोक जमिनीत खुंटीला. म्हणजे बिथरलं तरी दोरीपलीकडं जात नाही. ते बिथरलंच. दोन मोटरींच्या तारा मी उलट्या जोडल्या होत्या. जमिनीवरून उठलं, कुशीवर वळलं आणि सरळ माझ्या अंगावर आलं. दोरीनं आवरलं. चार पाती मोडली. मी आडवा पडलो होतो, लागलं काही नाही, अप्पांची शपथ.

तुला एकटीला सांगतो, मीही भितो. मोटर बिघडायला लागली की आधी तिचा आवाज बदलतो, असं बाकीचे उडवणारे सांगतात. मला तो आवाज येणार नाही. मी दांड्यावर बोटं ठेवून एकेक मोटर चाचपतो, कंप बोटांना कळतो. पण यंत्र वर गेल्यावर बोटं कुठं पोचणार?

तारा सुलट जोडल्यात. नीट उडायला लागलं की तुमच्याकडं घेऊन येतो. बिबट्या कुठं बसतो ते तरी दिसेल, आणि पिंजरा कुठं लावायचा ते वनखात्याला सांगता येईल. दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. माझ्यावर रागावायचं असेल तर पोटभर जेवून मग रागाव.

तुझा,
सम्मेद

❖

॥ श्री वीतरागाय नमः ॥

कडेगाव
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. सम्मेद यास अ. उ. आ.

वि. वि. भाऊबीजेला ये, पण ते यंत्र आणू नकोस. हात जोडून सांगते.

तू उसाजवळ उभा राहणार, मान वर करून आभाळात बघत, आणि मागून काही आलं तर तुला ऐकू येणार आहे का? मी कितीही ओरडले तरी तुझी पाठच दिसणार. ह्या विचारानं मी दसऱ्याच्या पूजेत दोनदा आरतीचे शब्द चुकले. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

तुला आठवतं का, लहानपणी हळदीच्या रानात मी तुला दोरी बांधायची? अप्पांनी सुतळीचं एक टोक तुझ्या कमरेला बांधून दिलं होतं, दुसरं माझ्या मनगटाला. हळदीचा पाला तुझ्या डोक्याच्या वर, त्यात तू शिरलास की दिसायचा नाहीस. एक हिसका म्हणजे थांब, दोन हिसके म्हणजे मागं फिर. मी हिसका दिला आणि तू आला नाहीस, असं एकदाही झालं नाही. त्यामुळं मला तेव्हा भीती ही चीज ठाऊकच नव्हती. आता ठाऊक झालीय.

आजूबाजूला कारखान्याच्या ऊसतोड टोळ्या यायला लागल्यात. त्यांच्या पाचटाच्या कोप्या आमच्या बांधाला लागूनच पडतात. त्या बायकांची तान्ही पोरं उसाच्या कडेला झोळीत असतात. दिवाळीनंतर माणदेशातून अर्जुना आणि बनाबाई मेंढरं घेऊन दरवर्षीसारखी येतील, तीही इथंच उतरतात. कुणाकुणाला सांगू मी? वनखात्याचा माणूस येऊन पंजे बघून गेला. नेमकी जागा कळल्याशिवाय पिंजरा लावून उपयोग नाही म्हणाला.

हे लिहिता लिहिता मलाच कळतंय की मी तुला यंत्र आण म्हणूनच सांगतेय. काय बाई मी तरी! आण. पण दोरीसुद्धा आण.

घाबरट का असेना, तुझीच
अक्का

❖

सातारा
दि. २८ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या हातच्या चकल्या सातारा यायच्या आत संपल्या.

यंत्र वर चढल्यावर तू डोळे मिटून घेतलेस, आणि पडद्यावर तो दिसला तेव्हा मात्र तूच सगळ्यांत पुढं. ओढ्याच्या अंगाला, उसाच्या पोटात, लांबट पांढरा ठिपका. शेपटी हलली तेव्हा दाजींच्या तोंडातलं पान थांबलं. वनखात्यानं त्या जागी पिंजरा लावला हे बरं झालं. अजून रिकामा आहे असं दाजींनी कळवलंय. जागा बदलली असेल. ८ तारखेला येतो, पुन्हा बघू.

तुझ्या हातात रिमोट दिला तेव्हा तू तो तापलेल्या तव्यासारखा धरला होतास. पुन्हा लिहून ठेवतो, विसरू नकोस. दोन्ही दांड्या सोडल्या की यंत्र जागच्या जागी थांबतं. डावी दांडी पुढं सारली की वर, मागं ओढली की खाली. खाली कधीच घाईनं आणायचं नाही. माणूस खाली असेल तर मुळीच आणायचं नाही. पाती काय करतात ते माझ्या दंडावर लिहिलेलंच आहे.

माया आहेच, तेवढी भीती थोडी कमी कर.

तुझा,
सम्मेद

❖

॥ श्री वीतरागाय नमः ॥

कडेगाव
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. सम्मेद यास अ. उ. आ.

वि. वि. तू गेल्यापासून माझा हात चालत नव्हता. आज चालतोय. त्या दिवशी आपण दोघं ओट्यावर नुसते बसून राहिलो. तू माझ्या ओठांकडं बघत होतास आणि मला बोलताच येत नव्हतं. म्हणून माझ्या बाजूनं काय झालं ते सगळं लिहिते.

हे कारखान्यावर गेले होते. मी दिवस बुडायच्या आत जेवणं व्हावीत म्हणून भाकरी थापत होते. तेवढ्यात अर्जुना आला आणि विचारायला लागला, आमची बनाबाई दिसली का म्हणून. कोकरू उसात शिरलं म्हणून ती मागं गेली, कोकरू तेवढं परत आलं, बाई न्हाई. त्याचा आवाज मी तुला कसा सांगू? तो ओढ्याच्या बाजूनं हाका मारत धावला. मी ह्यांना फोन केला, वनखात्याला केला. दोघांनाही यायला वेळ लागणार होता. आणि तू तोवर यंत्र वर चढवलंही होतंस.

पिंजऱ्यापासून अलीकडं, उसाच्या मध्यात, एक पांढरा ठिपका. गोल, हलत नव्हता. तू माझ्याकडं बघून म्हणालास की हे माणूस आहे, बसलेलं किंवा पडलेलं. यंत्र तू तिच्या डोक्यावर उंच थांबवलंस, रिमोट माझ्या हातात दिलास आणि गाडीतली दोरी कमरेला बांधायला लागलास. मी नको म्हणत होते. मुद्दाम माझ्याकडं पाठ केलीस. माझ्या ओठांवरचा 'नको' तुला वाचायचा नव्हता, हे काय मला कळलं नाही व्हय?

तू आत शिरलास. दोरीचं टोक माझ्या मनगटाला, रिमोट हातात. दोरी सरकत होती तोवर माझ्या जिवात जीव होता. पडद्यावर तू दाट पाल्याखाली गेलास की विझायचास, मोकळं सापडलं की पुन्हा दिसायचास. मग दोरी सरकायची थांबली. ताठ राहिली. मी म्हटलं, थांबला असेल, तिच्याजवळ पोचला असेल.

आणि तेव्हा तिसरा ठिपका दिसला, सम्मेद. तुझ्या पाठीमागं. लांबट. तो थांबत थांबत येत होता.

मी दोन हिसके दिले. तू वळला नाहीस. पुन्हा दिले. मग दोन्ही हातांनी ओढलं, दोरी माझ्या मनगटात रुतली, वळ अजून आहे. ओरडले मी, आईची शपथ, घसा फाटेस्तोवर ओरडले, आणि ओरडताना मलाच ठाऊक होतं की तुला ऐकू येत नाही. माझ्या आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी डावी दांडी मागं ओढली.

माणूस खाली असेल तर यंत्र मुळीच आणायचं नाही, हे पत्र माझ्या डोळ्यांपुढं होतं. तुझा चिरलेला दंड डोळ्यांपुढं होता. वाटलं, बिबट्यानं नाही मारलं तर मी मारणार, माझ्या हातानं. पण यंत्राचा वारा तुझ्या डोक्याला लागेल, एवढंच मला सुचलं. तुला आवाज कळत नाही, वारा कळतो. ऊस असा काही झोडपला गेला की शेंडे आडवे झाले. पडद्यावर सगळं पांढरं, काळं, पांढरं, आणि मग काहीच नाही. पडदा मेला.

पुढचं मला धड आठवत नाही. मी बांधावर बसून णमोकार मंत्र म्हणत होते आणि शब्द पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. तू बनाबाईला पाठीवर घेऊन बाहेर आलास, तुझ्या तोंडावर उसाच्या पाल्याचे ओरखडे आणि शर्टाला पात्याचा तुकडा अडकलेला. मी आधी तुझे हात मोजले, दोन आहेत का ते. हसू नकोस.

तुझं यंत्र गेलं. वर्षभराचं काम माझ्या हातानं गेलं. त्याबद्दल काय लिहावं ते कळत नाही.

देवानं तुला परत दिलं, तसा पत्रातून रोज भेटत राहा.

तुझी,
अक्का

❖

सातारा
दि. १६ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

यंत्राचं नाव काढायचं नाही. तीन दांडे शाबूत आहेत, ऊब पाहणारा कॅमेरा वाचलाय, बाकीचं पुन्हा करता येतं. गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं. तो म्हणाला थांबतो. नसता थांबला तरी चाललं असतं.

आता माझी बाजू. ऊस पडलेला, एकात एक गुंतलेला. मी वाकून, बाजूला सारत चाललो होतो. बनाबाई सरीत बसलेली दिसली. तिचा पाय मुरगळला होता, पण ती बेशुद्ध नव्हती, अक्का. ती शुद्धीवर होती. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. अर्जुनाच्या हाका तिला ऐकू येत होत्या, पण ओ द्यायची हिंमत नव्हती, कारण बिबट्या जवळच फिरत होता. मला ती डोळ्यांनी सांगत होती. मी ओठ वाचून जगणारा माणूस, आणि तिनं ओठच झाकलेले. मला वाटलं, बाई दुखण्यानं कळवळतेय. मी हसून तिच्याकडं हात पुढं केला. माझ्या मागं काय आहे ते तिला दिसत होतं आणि मी हसत होतो.

मग डोक्यावर वारा आला. ऊस चहूकडं हलायला लागला. वर पाहिलं तर माझंच यंत्र, पोट दिसेल इतकं खाली. ते आपोआप खाली येणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे अक्कानं ओढलंय. आणि माणूस खाली असताना अक्का ते ओढणार नाही, काही झाल्याशिवाय. एवढं कळायला क्षण पुरला. मी बनाबाईवर पालथा पडलो. पडता पडता मान वळली तेव्हा तो दिसला. कान मागं, अंग चोरलेलं. यंत्र उसात कोसळलं, पाती तुटून उडाली, आणि तो ओढ्याकडं निघून गेला. तोही भ्यायला होता.

बनाबाईचा पाय बरा आहे, असं दाजींनी कळवलं. ती म्हणे सगळ्यांना सांगतेय की आभाळातनं वारं आलं आणि दादानं मला झाकलं. तिला सांग, वारं आमच्या अक्काचं होतं.

मनगटाला हळद लाव.

तुझा,
सम्मेद

❖

कडेगाव
दि. २१ नोव्हेंबर २०२५

सम्मेद,

आशीर्वाद नंतर. काल आपल्या उसाला तोड आली. बिबट्या बुधवारीच पिंजऱ्यात सापडला होता, त्याला लांब रानात सोडायला नेलं, म्हणून टोळी बिनघोर आत शिरली. ऊस तोडता तोडता ह्यांना तुझी दोरी सापडली. बांधापासून थोड्याच अंतरावर, एका जाड उसाच्या बुडख्याला.

मला वाटत होतं ती गुंतली असेल, तुटली असेल, तुझ्या कमरेची सुटली असेल. ह्यांनी बुडखा तसाच तोडून माझ्यापुढं आणून ठेवला. गाठ मारलेली आहे. अप्पा हळदीच्या पोत्याला मारायचे तीच, दोन फेऱ्यांची. आपल्या दोघांशिवाय ती ह्या घरात कुणाला येत नाही.

म्हणजे मी उसाला हिसके देत होते. माझा भाऊ म्हणून मी एका उसाला ओढत होते, रडत होते, आणि तू कधीच सुटून पुढं गेला होतास. दोरी थांबली तरी तुझा ठिपका पुढं सरकत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझा तुझ्यापेक्षा दोरीवर जास्त विश्वास होता.

का केलंस? मला खेळवलंस? उत्तर येईपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही.

राजमती

❖

सातारा
दि. २५ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

रागाव. ह्या वेळी उपाशी रागावलीस तरी मी काही म्हणणार नाही.

हळदीचा पाला मऊ असतो, दोरी त्यातून पाण्यासारखी जाते. उसात ती दर पावलाला अडकत होती. थोडं आत गेलो आणि कळलं की हिसका माझ्यापर्यंत पोचणारच नाही, आणि दोरी बांधून पुढंही जाता येणार नाही. तिथून मागं फिरायला हवं होतं. पण बनाबाई पुढं होती. मग मी दोरी सोडली. नुसती सोडली असती तर ती ढिली पडली असती, आणि दोरी ढिली पडली की तू काय करशील हे मला पक्कं ठाऊक होतं. तू हातातलं सगळं टाकून, अनवाणी, माझ्या मागं उसात शिरली असतीस. तुझी दोन पोरं घरात होती. म्हणून बांधली. ताठ राहावी म्हणून.

तुला खेळवलं नाही, अक्का. तुला बांधावर बांधून ठेवलं. माफी मागत नाही, कारण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. पण तू त्या उसाला हिसके देत होतीस, हे वाचून मी शेडमध्ये जमिनीवर बसलो आणि रडलो. त्याचं मात्र मला फार फार वाईट वाटतं.

नवं यंत्र तयार होतंय. ७ डिसेंबरला, रविवारी, खंडाळ्याच्या माळावर पहिलं उड्डाण आहे, दोरी बांधून. खुंटी ठोकणार नाही. दोरीचं दुसरं टोक तू धरायला ये.

वाट बघतोय.

तुझा,
सम्मेद

❖

॥ श्री वीतरागाय नमः ॥

कडेगाव
दि. २९ नोव्हेंबर २०२५

चि. सम्मेद यास अक्काचे अनेक अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. येते. हेही येतायत. बनाबाईनं तुझ्यासाठी घोंगडं दिलंय, ते आणते. तो बुडखा मी चुलीत घातला, दोरी ठेवलीय. तीच आणते.

दोन दोऱ्या लागतील. एक यंत्राला, ती तू हवी तशी बांध. दुसरी तुझ्या कमरेला, यंत्र उतरून मोटरी थंड होईस्तोवर. माळावर ऊस नाही, मला ठाऊक आहे. तरीही बांधणार.

आणि गाठ मी मारणार, पाठीमागं, जिथं तुझा हात पोचत नाही.

तुझी,
अक्का